डॉक्टरी औषधाचे अनुपान आणि पथ्य

वैद्याकडून औषधाची पुडी हाती घेताना जुन्या पिढीतील माणसे दोन प्रश्न हटकून विचारीत. औषध कशाबरोबर घ्यावयाचे, हा पहिला. आणि पथ्य कोणते, हा दुसरा. मध, तूप, कोमट पाणी, आल्याचा रस यांपैकी ज्याच्या संगतीने औषध पोटात जावयाचे त्याला अनुपान म्हणत. आणि अनुपान चुकले तर औषधाचा गुण येत नाही, अशी रोग्याइतकीच वैद्याचीही श्रद्धा असे. डॉक्टरी औषधांचा प्रसार झाला तसे हे दोन्ही प्रश्न मागे पडले. कॅप्सूल ही गिळावयाची वस्तू. ती केव्हाही, कशीही आणि कशाबरोबरही गिळली तरी चालते, असा समज रूढ झाला. हा समज खरा नाही. प्रतिजैविक औषधांनाही अनुपान आहे, पथ्य आहे. आणि ते न पाळल्यामुळे उत्तम औषध वाया जाते, क्वचित रोग्याच्या जिवावरही बेतते.

ही गोष्ट स्पष्ट होण्यासाठी डॉक्सिसायक्लिन या एकाच औषधाचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. हे औषध देशभर मिळते, स्वस्त आहे आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे. पावसाळ्यातील दोन घातक तापांवर त्याचा मोठा आधार असतो. त्यांपैकी पहिला लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून या रोगाचे मळसूत्री आकाराचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमांतून शरीरात शिरतात. कोकणातील भातलावणी करणारा शेतकरी आणि शहरात तुंबलेल्या पाण्यातून वाट काढणारा नोकरदार हे दोघेही त्याच्या तडाख्यात सापडू शकतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्या महापुरानंतर शहरात याच रोगाची मोठी साथ उद्भवली. दुसरा ताप स्क्रब टायफसचा. गवतात व झुडपांत राहणाऱ्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याची अळी चावल्याने तो होतो. हिमाचलचे डोंगरउतार, ईशान्येकडील राज्ये, तामिळनाडू येथे तो पूर्वीपासून परिचित आहे. २०१८ साली नागपूर व आसपासच्या विदर्भातही त्याने बळी घेतले. अळी चावलेल्या जागी कधीकधी काळी खपली दिसते. पण ती प्रत्येक रोग्याच्या अंगावर असतेच असे नाही.

दोन्ही ताप वेळीच ओळखले गेले आणि योग्य औषध वेळेवर पोटात गेले, तर बहुतेक रोगी बरे होतात. दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडे, यकृत व फुप्फुसे यांवर आघात होऊन माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी औषध लिहून दिल्यानंतर घरी जे घडते, ते निदानाइतकेच महत्त्वाचे ठरते. आणि घरी पुष्कळदा जे घडते ते असे. रात्री जेवण झाल्यावर, अंथरुणावर बसूनच, रोगी एका घोटाबरोबर कॅप्सूल गिळतो आणि आडवा होतो. दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ सुरू होते, घास गिळताना दुखू लागते. घरातील वडीलधारी माणसे निर्णय देतात, की औषध उष्ण पडले. उष्णता शमविण्यासाठी पुढची कॅप्सूल दुधाबरोबर दिली जाते. वर आम्लपित्ताचे पातळ औषधही पाजले जाते. तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो, पण जळजळ मात्र राहते. तेव्हा उरलेल्या कॅप्सूल फडताळात ठेवून दिल्या जातात. या साऱ्या व्यवहारात हेतू चांगलाच असतो. परंतु त्यातील प्रत्येक पायरी चुकीची असते. ती का, हे समजण्यासाठी औषधाचे कुळ आणि त्याची रीत यांची ओळख करून घ्यावयास हवी.

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन कुळातील औषध. या कुळाच्या आरंभाशी एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डग्गर यांनी ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासण्याचे काम चालविले होते. मिसूरी राज्यातील एका शेतातल्या मातीत त्यांना असा एक सूक्ष्मजीव आढळला, की त्यापासून सोनेरी रंगाचे जंतुरोधक द्रव्य मिळत होते. त्याला ऑरिओमायसिन हे नाव मिळाले आणि १९४८ साली ते जगापुढे आले. त्याच वर्षी सुब्बारावांचे निधन झाले. पुढे या मूळ द्रव्यात रासायनिक फेरफार होत गेले, आणि त्या परंपरेतील डॉक्सिसायक्लिनला १९६७ साली अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली.

हे औषध जंतूंना तडकाफडकी ठार मारीत नाही. जंतूच्या पेशीत प्रथिने घडविणारी जी यंत्रणा असते, तिला ते जखडून टाकते. प्रथिने मिळेनाशी झाली की जंतूंची वाढ खुंटते. आणि मग शरीराचे स्वतःचे संरक्षक दल त्यांचा निकाल लावते. याचा अर्थ असा, की रक्तातील औषधाची मात्रा सतत पुरेशी राहिली पाहिजे. ती घसरली की जखडलेली यंत्रणा पुन्हा चालू होण्यास वाव मिळतो. म्हणूनच दिवसातून दोनदा घ्यावयास सांगितलेले औषध साधारण बारा तासांच्या अंतराने घ्यावे. सकाळी आठ व रात्री आठ ही वेळ सोयीची. एखादी मात्रा चुकली, तर आठवण होताच ती घ्यावी. पण पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली मात्रा सोडून द्यावी. दोन मात्रा एकदम घेऊन हिशेब पुरा करण्याचा प्रयत्न मात्र करू नये. तसे केल्याने गुण वाढत नाही, मळमळ वाढते.

आता अनुपानाकडे वळावयाचे. या औषधाचे अनुपान आहे साधे पाणी, आणि तेही पेलाभर. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल ओली झाली की चिकट होते. घोटभर पाण्याने ती अन्ननलिकेतच अडकून राहू शकते आणि तेथेच विरघळते. विरघळलेले औषध आम्लधर्मी असल्यामुळे अन्ननलिकेच्या नाजूक अस्तराला ते भाजल्यासारखी इजा करते, प्रसंगी तेथे व्रण पडतो. ज्याला घरात ‘औषध उष्ण पडले’ म्हणतात, ते पुष्कळदा एवढेच असते. दोष औषधाच्या प्रकृतीचा कमी आणि गिळण्याच्या रीतीचा अधिक. यावर उपायही तितकाच साधा आहे. औषध बसून किंवा उभे राहून घ्यावे, त्यावर पेलाभर पाणी प्यावे आणि निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, आडवे होऊ नये. रात्रीची मात्रा निजतानाची समजू नये. ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी घ्यावी. अंथरुणाला खिळलेल्या किंवा गिळण्यास त्रास होणाऱ्या रोग्याच्या बाबतीत ही अडचण डॉक्टरांच्या कानावर आधीच घालावी. त्यांना औषधाचे दुसरे रूप सुचविता येते. आणि एवढे करूनही गिळताना दुखू लागले, तर ती तक्रार अंगावर न काढता डॉक्टरांना सांगावी.

रिकाम्या पोटी हे औषध घेतले की अनेकांना मळमळते, कोणाला उलटीही होते. त्याकरिता ते अन्नाबरोबर घेण्यास हरकत नाही. वरणभात, पोळीभाजी, उपमा यांपैकी काहीही चालेल. प्रश्न येतो तो दुधाचा. टेट्रासायक्लिन कुळातील औषधे कॅल्शियमशी संयोग पावतात आणि असा संयोग झालेले औषध आतड्यातून रक्तात शोषले जात नाही. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत दुधाचा हा अडथळा जुन्या टेट्रासायक्लिनइतका मोठा नाही, तरीही औषधाच्या वेळेला दूध, दही वा ताक टाळून ते दोन-तीन तासांनी घेतलेले बरे. खरा मोठा अडथळा आम्लनाशक औषधांचा. त्यांतील ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम हे क्षार प्रतिजैविकाला आतड्यातच बांधून ठेवतात. छातीतील जळजळ थांबावी म्हणून कॅप्सूलच्या पाठोपाठ आम्लनाशक पाजणारे घर नकळत त्या कॅप्सूलचा मोठा भाग निकामी करीत असते. कॅल्शियमच्या व जस्ताच्या गोळ्यांचाही हाच प्रकार. या सर्वांत आणि प्रतिजैविकात किमान दोन ते तीन तासांचे अंतर असावे.

लोहाच्या गोळ्यांची गोष्ट याहूनही वेगळी आहे. आपल्या देशात पंडुरोगामुळे असंख्य स्त्रिया लोहाच्या गोळ्या घेत असतात. डॉक्सिसायक्लिन एकदा रक्तात गेल्यावरही त्याचा काही भाग आतड्यात परत येतो, तेथे त्याला लोह भेटले तर ते बांधले जाते. त्यामुळे केवळ अंतर ठेवून हा अडथळा पुरता दूर होत नाही. प्रतिजैविक चालू असेतोवर लोह थांबवावे काय, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. गंभीर ताप असताना थोड्या दिवसांसाठी लोह बाजूस ठेवणे हे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. पण विचारण्यासाठी आधी सांगितले पाहिजे; आणि टॉनिक किंवा शक्तीची गोळी म्हणजे औषध नव्हे, अशा समजुतीने रोगी ते सांगतच नाहीत.

अनुपानानंतर पथ्य. या औषधाचे पथ्य वांगे, तेल वा आंबट यांचे नसून उन्हाचे आहे. डॉक्सिसायक्लिन घेत असता काहींची त्वचा उन्हाला हळवी होते; थोड्या वेळच्या उन्हानेही ती लालबुंद होते, आग होते, फोडही येतात. शेतकरी, रस्त्यावरील फेरीवाले, पोलीस, टपाल वाटणारे अशांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टोपी किंवा पदर, हाती छत्री आणि शक्य तेवढी सावली, एवढ्याने बहुधा भागते. मद्याचेही पथ्य पाळावे. नित्य मद्यपान करणाऱ्याच्या शरीरातून हे औषध लवकर नाहीसे होते, आणि तापाने दुबळ्या झालेल्या यकृतावर अधिक भार टाकण्यात शहाणपण नाही.

कोणतेही प्रभावी औषध संपूर्ण निरुपद्रवी नसते. प्रश्न असतो तो उपद्रवांची प्रतवारी करण्याचा. काही उपद्रव सोसण्याजोगे असतात. किंचित मळमळ, भूक मंदावणे, एक-दोन पातळ जुलाब होणे, ही या वर्गातील लक्षणे. प्रतिजैविक रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जंतूंवरही घाला घालते, त्यामुळे पोट बिघडते. अशा वेळी थोडेथोडे साधे अन्न आणि जलसंजीवनी घ्यावी. तोंडात पांढरे डाग पडणे, स्त्रियांना योनिमार्गात खाज सुटून पांढरा स्राव जाणे, हे बुरशीच्या वाढीचे लक्षण असते. त्यावर सोपे उपचार आहेत. संकोचामुळे ते लपवून औषध बंद करण्याचे कारण नाही. लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगात पहिल्या मात्रेनंतर काही तासांत क्वचित हुडहुडी भरून ताप एकदम चढतो. नष्ट होणाऱ्या जंतूंतील द्रव्ये रक्तात मिसळल्याचा तो परिणाम असतो. अशा वेळी घाबरून औषध टाकून न देता डॉक्टरांना त्वरित कळवावे.

दुसरा वर्ग धोक्याचा. त्यातील लक्षणे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला पाठ असावीत. अंगावर गांधी उठणे, ओठ, जीभ वा चेहरा सुजणे, श्वास कोंडणे, ही तीव्र ॲलर्जीची चिन्हे होत. रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. कातडीवर फोड येऊन ती सोलवटू लागणे, तोंड व डोळे यांत व्रण पडणे, हेही तितकेच गंभीर. दिवसातून अनेकदा पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित जुलाब होऊन पोटात कळा व ताप येत असेल, तर आतड्यात क्लॉस्ट्रिडियम डिफिसील नावाच्या जंतूने ठाण मांडल्याची शक्यता असते. औषध संपल्यानंतर काही आठवड्यांनीही हे घडू शकते. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या अशा वेळी परभारे घेऊ नयेत. त्यांनी अपाय वाढण्याचा संभव असतो. असह्य डोकेदुखीबरोबर दृष्टी अंधूक होणे किंवा एका वस्तूच्या दोन दिसणे, हे कवटीतील दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. डोळे पिवळे होणे आणि लघवी अगदी कमी होणे ही लक्षणे औषधाची असोत वा रोगाची, त्यांना थांबायला वेळ नसतो.

चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वीच काही गोष्टी डॉक्टरांना सांगणे हे रोग्याचे कर्तव्य आहे. पूर्वी या कुळातील औषधाची ॲलर्जी झाली होती काय. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन चालू आहे काय. अपस्मारासाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपीन किंवा फिनोबार्बिटोन घेतले जाते काय. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे काय. यांपैकी काही औषधांमुळे डॉक्सिसायक्लिनचा जोर कमी होतो, तर काहींशी त्याचा संयोग धोक्याचा ठरतो. स्त्री गरोदर असल्यास ते अवश्य सांगावे. अशा वेळी डॉक्टर बहुधा ॲझिथ्रोमायसिनसारखे दुसरे औषध निवडतात. या कुळातील औषधांनी लहान मुलांच्या दातांवर पिवळसर डाग पडतात, म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ती देत नसत. तथापि डॉक्सिसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या उपचाराने असे डाग पडण्याची भीती फारशी नसल्याचे आता दिसून आले आहे, आणि स्क्रब टायफससारख्या प्राणघातक रोगात डॉक्टर ते मुलांनाही देतात. दातांच्या काळजीने आईबापांनी ते रोखून धरू नये.

राहिला प्रश्न औषध मध्येच सोडण्याचा. या दोन तापांत साधारणतः सात दिवसांचा उपचार सांगितला जातो. स्क्रब टायफसचा ताप पुष्कळदा दोन दिवसांतच उतरतो, आणि मोहाचा क्षण नेमका तोच असतो. ताप उतरणे म्हणजे जंतू दबले. ते निपटले असे नव्हे. उपचार किती दिवसांचा असावा याविषयी वैद्यकातील मते आज बदलत आहेत, काही रोगांत पूर्वीपेक्षा थोड्या दिवसांचे उपचार पुरेसे ठरले आहेत, हे खरे. परंतु तो निर्णय रोग पाहून डॉक्टरांनी करावयाचा असतो, फडताळ पाहून रोग्याने नव्हे. उलट औषध सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. पुन्हा डॉक्टरांकडे जावे. निदान वेगळे असू शकते.

कारण पावसाळ्यातील प्रत्येक ताप एकाच जातीचा नसतो. डेंग्यू विषाणूने होतो. त्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही. हिवतापावर त्याची स्वतंत्र औषधे आहेत. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या उरलेल्या कॅप्सूल घेणारा रोगी खऱ्या निदानाचा मोलाचा वेळ गमावतो. शिवाय जुनी औषधे निरुपद्रवी असतात असेही नाही. मुदत टळून खराब झालेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत अशा औषधांच्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ असते, आणि तिचा अर्थ लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीमही काढली. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला तोंड देण्यास शिकतात. आज देशोदेशींच्या रुग्णालयांत तो इशारा प्रत्ययास येत आहे.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. पुराच्या पाण्यात दीर्घकाळ काम करावे लागणाऱ्यांना रोग होऊ नये म्हणूनही हे औषध दिले जाते. केरळात २०१८ च्या महापुरानंतर मदतकार्यातील लोकांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेण्यास आरोग्य खात्याने सांगितले होते. परंतु हा निर्णय आरोग्य खात्याचा अथवा डॉक्टरांचा. पाऊस पडला की दुकानातून कॅप्सूल आणण्याची ती मुभा नव्हे. आणि औषध घेतले तरी गमबूट, जखमेवर पाणी न शिरेल अशी पट्टी आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुणे यांतून सुटका नाही.

रुग्णालयातील गर्दीत डॉक्टरांना प्रत्येक गोष्ट फोडून सांगण्यास सवड मिळतेच असे नाही. म्हणून विचारण्याचा जुना प्रघात पुन्हा सुरू करावयास हवा. औषध कोणत्या वेळी, कशाबरोबर, किती दिवस घ्यावयाचे, काय टाळावयाचे, आणि कोणते लक्षण दिसताच परत यावयाचे, एवढे पाच प्रश्न विचारून त्यांची उत्तरे चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेण्यास दोन मिनिटे पुरतात. वाचता न येणाऱ्याने ती घरातील शाळकरी मुलाकडून दररोज वाचून घ्यावीत. औषधाच्या वेळी त्या मुलाने पाण्याचा भरलेला पेला पुढे केला आणि आजारी माणसाला अर्धा तास बसते ठेवले, तर रोग्याच्या शुश्रूषेतील एक मोठा भाग त्याने पार पाडला असे खुशाल समजावे.